लाहोरच्या चित्रपटांची पहिली पाटी

अक्षरवेडी

प्रभातची तुतारी वाजली की आमची आजी तांदूळ निवडायचं ताट खाली ठेवायची. दूरदर्शनवर जुना चित्रपट लागलेला असायचा, तुतारी फुंकणारी ती बाई पडद्यावर यायची आणि आजी म्हणायची, "आता कुणी बोलायचं नाही." गोष्ट सुरू व्हायच्या आधीच तिचा त्या चित्रपटावर विश्वास बसलेला असायचा. चित्रपटांच्या सुरुवातीच्या मुद्रांचं वेड मला तिथून लागलं. आर.के.ची व्हायोलिन धरलेली जोडी, मेहबूबचा विळा-हातोडा आणि त्यावर ऐकू येणारा नशिबाचा शेर, यांच्यावर मराठीत बरंच लिहून झालंय. मला लिहायचंय लाहोरबद्दल.

गेली चार-पाच वर्षं मी जुने पाकिस्तानी चित्रपट बघते आहे, उर्दू आणि पंजाबी दोन्ही. आधी नूरजहाँच्या गाण्यांसाठी बघायचे. मग सवयीने सुरुवातीच्या पाट्या थांबवून थांबवून वाचायला लागले आणि लक्षात आलं की तिथे दोन पाट्या वेगळ्या वाचायच्या असतात. पहिली निर्मिती संस्थेची: एव्हरन्यू पिक्चर्स, फिल्म आर्ट्स, शबाब प्रॉडक्शन्स. दुसरी नामावलीच्या गर्दीत असते, चित्रपट कुठल्या स्टुडिओत तयार झाला ते सांगणारी. प्रभातचं तसं नव्हतं. कंपनी तीच, स्टुडिओ तोच, पगारी माणसंही घरचीच. लाहोरमध्ये बहुतेक निर्माते दुसऱ्याचा स्टुडिओ भाड्याने घेत. चित्रीकरणाचा फ्लोअर, ध्वनिमुद्रण, लॅब, सगळं भाड्यावर. म्हणजे चित्रपट कोणाचा हे पहिली पाटी सांगते, आणि भाडं कोणाच्या गल्ल्यात गेलं हे दुसरी. दोन्ही पाट्यांवर एकच नाव लावायची ऐपत फार थोड्यांची होती.

त्या थोड्यांत आगा जी. ए. गुल. मूळचे पेशावरचे. 1949 मध्ये त्यांनी 'मुंदरी' काढला. फाळणीला दोनच वर्षं झाली होती. लाहोरमधले पंचोली, शोरी असे मोठे स्टुडिओवाले मुंबईला निघून गेले होते आणि मागे राहिलेली यंत्रं, माणसं, पडझड झालेल्या इमारती यांतून नवा धंदा उभा करायचा होता. मग 1956 मध्ये गुल यांचा 'दुल्ला भट्टी' आला. अकबराविरुद्ध उभ्या राहिलेल्या पंजाबी बंडखोराची गोष्ट, सुधीर आणि सबीहा मुख्य भूमिकांत. तो जोरात चालला आणि त्या कमाईतून मुलतान रोडवर एव्हरन्यू स्टुडिओ उभा राहिला. त्याच रस्त्यावर बारी स्टुडिओही उभा राहिला. बारी मलिक यांचा 'यक्के वाली' 1957 मध्ये आला, मुसर्रत नझीर त्यात यक्का हाकणारी मुलगी झाली होती, आणि त्या चित्रपटाच्या पैशातून हा स्टुडिओ बांधला गेला. वर्षभराच्या अंतराने आलेल्या दोन पंजाबी चित्रपटांनी एकाच रस्त्यावर दोन स्टुडिओ बांधले! खेड्यापाड्यांतल्या, शहरांतल्या प्रेक्षकांनी तिकीटखिडकीवर ठेवलेल्या आणे-पैशांच्या या विटा. म्हणून एखाद्या चित्रपटात 'एव्हरन्यू स्टुडिओज, लाहोर' अशी ओळ आली की मी ती आदराने वाचते.

'एव्हरन्यू' हे नावही मला आवडतं. नुकतंच जन्मलेलं राष्ट्र, फाळणीत घरदार हरवलेली माणसं, आणि कंपनीचं नाव 'सदा नवी'. त्यांनी ते नाव निभावलंही. 1965 मध्ये गुल यांनीच 'नायला' काढला. शरीफ नय्यर दिग्दर्शक, रझिया बट यांच्या कादंबरीवरची कथा, शमीम आरा, संतोषकुमार आणि दर्पन मुख्य भूमिकांत. पश्चिम पाकिस्तानात तयार झालेला तो पहिला पूर्ण रंगीत चित्रपट. ज्या वर्षी युद्ध झालं आणि भारतीय चित्रपटांची दारं तिथे बंद झाली, त्याच वर्षी.

आता थेट 2007 मध्ये या. शोएब मन्सूर यांच्या 'खुदा के लिए'च्या सुरुवातीला जी पाटी येते ती मुलतान रोडवरची नाही. ती 'जियो'ची आहे, एका दूरचित्रवाणी वाहिनीची. पुढे एआरवाय फिल्म्स, हम फिल्म्स. तीन वाहिन्या, तीन मुद्रा. लाहोरच्या चित्रपटाची पहिली दहा सेकंदं पुसली गेली आणि त्या जागी रोज घराघरांत दिसणारं चिन्ह आलं. माझं म्हणणं एवढंच आहे: पाकिस्तानी चित्रपटाचा इतिहास वाचायचा तर आधी ही दहा सेकंदं वाचा. पैसा कुठून आला ते तिथे लिहिलेलं असतं.

तुमच्याकडे या पाट्यांच्या आठवणी, माहिती असेल तर जरूर लिहा.

नीलाक्षी

फार आवडला धागा. लेखातून शाहनूर स्टुडिओ कसा काय राहून गेला? माझ्या मते सगळ्यांत सुंदर नाव तेच आहे.

रूप शोरी यांचा लाहोरमधला स्टुडिओ फाळणीच्या दंगलीत उद्ध्वस्त झाला. ते मुंबईला आले आणि 1949 मध्ये इथे 'एक थी लडकी' केला, 'लारा लप्पा' गाण्याचा. इकडे मुंबईतून शौकत हुसेन रिझवी आणि नूरजहाँ पाकिस्तानात गेले, आणि शोरींची ती जागा रिझवींना मिळाली. तिथे शाहनूर उभा राहिला. त्यातला 'नूर' नूरजहाँचा. 1951 मध्ये 'चन वे' आला, दिग्दर्शक म्हणून पाटीवर नूरजहाँचं नाव. पाकिस्तानातली पहिली स्त्री दिग्दर्शक ती.

पुढे दोघांचा घटस्फोट झाला. पण स्टुडिओचं नाव तेच राहिलं, त्यामुळे वर्षानुवर्षं इतरांच्या चित्रपटांच्या नामावलीतही त्या मोडलेल्या संसाराची ओळ येत राहिली. मी ती पाटी पाहिली की दर वेळी थांबते.

अवांतर, पण आपल्या घरचं: नूरजहाँचा 1945 चा 'बडी माँ' मास्टर विनायकांच्या प्रफुल्ल पिक्चर्सचा. त्यात लता आणि आशा या मंगेशकर बहिणी छोट्या भूमिकांत आहेत. दोन वर्षांनी ज्यांच्यामध्ये सरहद्द येणार होती ते आवाज एका मराठी माणसाच्या पाटीखाली एकत्र होते.

अक्षरवेडी

नीलाक्षी, शाहनूर मुद्दाम ठेवला नव्हता, राहूनच गेला. तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, मला इतकं नेटकं जमलं नसतं.

जुना_पुणेकर

'बडी माँ'चा विषय निघालाच आहे तर पुण्याचा आणखी एक धागा जोडतो. प्रभातबद्दल आपण सगळे बोलतो. पण त्याच पुण्यात 1940 च्या दशकात शालिमार पिक्चर्स नावाची कंपनी होती, हे किती जणांना ठाऊक आहे? मालक डब्ल्यू. झेड. अहमद. 'एक रात' (1942), 'मन की जीत' (1944) हे त्यांचे चित्रपट. त्यांनी पदरी लेखक-कवी बाळगले होते, तेही कसले: जोश मलीहाबादी, कृष्ण चंदर, अख्तर-उल-ईमान. उर्दूतली इतकी मोठी माणसं एकाच वेळी पुण्यात नोकरीला होती. माझे वडील सांगायचे की सायकलवरून जाताना शालिमारच्या फाटकाशी लोक उगीच रेंगाळायचे, कुणी दिसतंय का बघायला.

फाळणीनंतर अहमद लाहोरला गेले. तिथे त्यांनी 'रूही' केला आणि 1954 मध्ये सेन्सॉरने तो अडवला. बंदी आलेला तो पाकिस्तानातला पहिला चित्रपट मानतात. त्याच वर्षी लाहोरच्या चित्रपटवाल्यांनी भारतीय चित्रपटांच्या आयातीविरुद्ध आंदोलन केलं, गुरुदत्तच्या 'जाल'वरून पेटलेलं, आणि त्यात हेच अहमद पुढे होते. ज्या माणसाची कंपनी पुण्यात होती तो लाहोरच्या रस्त्यावर मुंबईचे चित्रपट थांबवा म्हणून उभा होता. लोक याला लगेच द्वेष म्हणतील. मला तसं वाटत नाही. पुण्यातलं सगळं मागे टाकून गेलेला माणूस तो. नवीन जागी स्टुडिओ उभे राहायचे तर बाहेरचा तयार माल काही वर्षं थांबायला हवा, हा साधा हिशेब होता. अक्षरवेडी, तुमच्या 'दुल्ला भट्टी'च्या विटा त्या हिशेबाशिवाय रचल्या गेल्या नसत्या.

अहमद 2007 मध्ये लाहोरमध्ये वारले. तुम्ही 'जियो'च्या पाटीचं जे वर्ष दिलंय तेच.

वामन_सातारा

लेख उत्तम आहे, पण एका मुद्द्यावर माझा विरोध नोंदवतो. "दहा सेकंदं पुसली गेली" हे वाचून असं वाटतं की वाहिन्यांनी स्टुडिओंना हटवलं. मुळात हटवायला तेव्हा फारसं उरलं होतं काय?

1979 मध्ये 'मौला जट्ट' आला, सुलतान राही आणि मुस्तफा कुरेशी. त्याच्या यशानंतर गंडासा (लांब दांड्याची कुऱ्हाड) घेतलेल्या नायकाच्या पंजाबी चित्रपटांची रांग लागली. लष्करशहा झियांच्या काळात एकीकडे सेन्सॉर आवळलं, दुसरीकडे घरोघरी व्हिडिओ आला आणि कुटुंबं थिएटरात जाईनाशी झाली. सगळा धंदा एका नटाच्या खांद्यावर आला. एका वेळी ढिगाने चित्रपट चालू असायचे त्याचे. 9 जानेवारी 1996 ला गुजरांवालाजवळ सुलतान राहीचा गोळ्या घालून खून झाला आणि मुलतान रोडवरचे फ्लोअर ओस पडले. वाहिन्या आल्या तेव्हा घर रिकामंच होतं. त्यांनी निदान दिवा लावला. 'खुदा के लिए' 2008 मध्ये आपल्याकडेही लागला होता, मी पुण्याला जाऊन पाहिला. तो चित्रपट वाहिनीच्या पाठबळाशिवाय आपल्यापर्यंत पोचला असता का?

अक्षरवेडी

वामनराव, 'पुसली गेली' हा शब्द चुकलाच, मान्य. वाहिन्यांनी काही पुसलं नाही.

पण एक फरक मला अजूनही महत्त्वाचा वाटतो. 'दुल्ला भट्टी' चालला तेव्हा पैसा चित्रपटातून आला आणि चित्रपटातच परत गेला. फ्लोअर बांधले, लॅब आली, त्यावर दुसऱ्या पन्नास निर्मात्यांचे चित्रपट झाले. वाहिनीचा पैसा जाहिरातीतून आणि मालिकांतून येतो. चित्रपट हा तिच्या अनेक कामांपैकी एक. उद्या नको वाटला तर ती थांबेल आणि तिचं काही बिघडणार नाही. एव्हरन्यूचं बिघडलं असतं.

'जियो'च्या मुद्रेत मात्र मला एक गोष्ट मनापासून आवडते. तो शब्द उर्दू अक्षरांत आहे. जीम, ये, वाव. उजवीकडून डावीकडे, मोठ्या ठसठशीत वळणाचा. जगा, असा अर्थ. एव्हरन्यू, फिल्म आर्ट्स, ईस्टर्न स्टुडिओ ही सगळी इंग्रजी नावं होती. इथे पहिल्या पाटीवर तिथल्याच बोलीतला शब्द बसला. अक्षरं काढणं हा माझा व्यवसाय आहे, त्यामुळे याचं मोल मला जरा जास्त वाटत असेल.

मधुरा_कोलकाता

एक भर घालते. 'नायला' पश्चिम पाकिस्तानातला पहिला रंगीत, हे तुम्ही नेमकं लिहिलंय. संपूर्ण पाकिस्तानचा विचार केला तर मान ढाक्याला जातो: झहीर रायहान यांचा 'संगम', 1964, तोही उर्दूत. मी इथे बंगाली मैत्रिणींकडून हे ऐकत आले आहे आणि त्यांना लाहोरवाले 'नायला'चं नाव घेतात याचं वाईट वाटतं.

आणि ढाक्याची पाटी तुमच्या हिशेबात तिसऱ्या प्रकारची आहे. तिथे 1957 मध्ये सरकारी चित्रपट विकास महामंडळ झालं, एफडीसी. त्याचं विधेयक प्रांतिक विधानसभेत मांडलं शेख मुजीबुर रहमान यांनी, तेव्हा ते मंत्री होते. म्हणजे लाहोरमध्ये हिट चित्रपटाचा पैसा, ढाक्यात सरकारचा. 1971 नंतर ती पाटी दुसऱ्या देशाची झाली. झहीर रायहान 30 जानेवारी 1972 ला, बेपत्ता भावाला शोधायला गेले ते परत आलेच नाहीत. त्यांचं नाव या धाग्यात असायला हवं म्हणून लिहिते आहे.

अक्षरवेडी

मधुरा, मनापासून आभार. ढाका सोडून हा विषय पुरा होत नाही.

दुबईकर

ऑक्टोबर 2022 मध्ये इथे 'द लेजंड ऑफ मौला जट्ट' पाहिला. ऑफिसमधला लाहोरचा सहकारी म्हणाला, "भाई, आमच्याबरोबर चल," म्हणून त्याच्या सगळ्या कुटुंबाबरोबर गेलो. सोबत त्याचे सत्तरीचे वडील होते. सुरुवातीला जियो फिल्म्स, एन्सायक्लोमीडिया, लाशारी फिल्म्स अशी नावं होती. पोरं शिट्ट्या मारत होती. म्हातारे अब्बा मात्र पुढे वाकून वाचत होते. मध्यंतरात मला म्हणाले, "बेटा, स्टुडिओचं नाव नाही आलं." 1979 चा मूळ चित्रपट त्यांनी लाहोरमध्ये पाहिलेला. त्यांना नट, संगीत, मारामारी, सगळं आवडलं. पण कुठल्या स्टुडिओत केला हे कळेपर्यंत त्यांचं समाधान होईना.

तेव्हा मला ते म्हातारपणाचं खूळ वाटलं. अक्षरवेडीताई, तुमचा धागा वाचून आज कळलं त्यांना काय विचारायचं होतं. त्यांना लिंक पाठवता येणार नाही, मराठी आहे ना. पण उद्या सहकाऱ्याला तोंडी सांगणार आहे.

आणखी एक. कराचीचा 'द ग्लासवर्कर' (2024) बघा. हाताने काढलेला पूर्ण लांबीचा चित्रपट, उस्मान रियाझ आणि त्यांचा मानो अ‍ॅनिमेशन स्टुडिओज. स्टुडिओच मुळात त्या चित्रपटासाठी उभा केला आणि 2016 मध्ये लोकांकडून इंटरनेटवर वर्गणी गोळा करून सुरुवात केली. तिथे पहिल्या पाटीवरचं आणि स्टुडिओचं नाव पुन्हा एकच आहे.

नीलाक्षी

एक प्रश्न. यूट्यूबवरच्या जुन्या पाकिस्तानी चित्रपटांत बहुतेक वेळा सुरुवातच गायब असते. एकदम नामावलीच्या मध्यावर चित्रपट सुरू होतो, किंवा वर कुठल्यातरी व्हिडिओ कंपनीची पाटी चिकटवलेली असते. असं का? मुद्दाम कापतात का?

रिळवाला

मी एकपडदा थिएटरात एकोणीस वर्षं ऑपरेटर होतो. हे मला सांगता येईल.

काही वेळा व्हिडिओवाले मुद्दाम कापतात, आपलं नाव यावं म्हणून. पण बहुतेक वेळा ती आधीच गेलेली असते. पस्तीस मिलिमीटरची पट्टी सेकंदाला चोवीस फ्रेम जाते, म्हणजे दीड फूट. तुमची दहा सेकंदांची मुद्रा म्हणजे पंधरा फूट पट्टी, दोनशे चाळीस फ्रेम. हजार फुटांचं रीळ सुमारे अकरा मिनिटं चालतं. त्यातली सगळ्यांत जास्त मार खाणारी जागा म्हणजे दोन टोकं. रीळ चढवताना हात लागतो तो टोकाला, जमिनीवर घासतं ते टोक, आधी फाटतं ते टोक. फाटलं की ऑपरेटर दोन-चार फ्रेम कापतो, खरवडतो, फिल्म सिमेंट लावून जोड देतो. प्रत्येक जोडाला थोडी पट्टी जाते. पहिल्या रिळाच्या टोकाला तुमची मुद्रा. प्रिंट मोठ्या शहरातून तालुक्याला, तिथून तंबूत, असं करत वर्षभर फिरली की पंधरा फुटांतले पाच उरतात. लाहोरची प्रिंट असो की कोल्हापूरची, पट्टी तीच आणि जोडही तोच.

मूळ निगेटिव्ह नीट राहिली असती तर नवी प्रिंट काढता आली असती. पण भाड्याच्या लॅबमध्ये निगेटिव्ह पडून राहते. निर्माता बुडाला की तिचा वाली कोण?

हे आम्ही कापायचो तेव्हा वाईट वाटायचं नाही, खरं सांगतो. गाणं किंवा मारामारी तुटली तर पब्लिक खुर्च्या तोडायचं. मुद्रा तुटली म्हणून कधी कुणी ओरडलं नाही. आज तुम्ही ती शोधताय हे वाचून बरं वाटलं आणि जरा टोचलंही.

अक्षरवेडी

काका, तुम्ही होतात म्हणून उरलेले पाच फूट तरी आमच्यापर्यंत आले.

मी आता एक यादी सुरू करते आहे. चित्रपट, वर्ष, पहिली पाटी, स्टुडिओची पाटी, आणि बघितलेल्या प्रतीत ती कितव्या सेकंदाला येते. ज्यांना जमेल त्यांनी भर घाला. फक्त एक अडचण आहे. सुरुवातीची पाटी दिसत नसेल तर ती मुळातच नव्हती की तुटली, हे कसं ओळखायचं?

रिळवाला

सोपं आहे. कान द्या.

पट्टी आधी चित्राच्या खिडकीतून जाते आणि मग खाली आवाज वाचणाऱ्या भागापाशी (साउंड हेड) येते. म्हणून एखाद्या चित्राचा आवाज त्या चित्राशेजारी छापलेला नसतो, वीस-एकवीस फ्रेम पुढे असतो, टोकाच्या बाजूला. टोक तुटलं की शिल्लक राहिलेल्या पहिल्या चित्रांचा आवाज तुटलेल्या तुकड्याबरोबर जातो. तेव्हा चित्र आधी दिसेल, जवळजवळ एक सेकंद शांत जाईल, आणि मग संगीत मधूनच सुरू होईल. सुरुवातीची पट्टी धड असेल तर संगीत असं अर्ध्यातून उठत नाही. व्हिडिओ करताना आवाजाची डागडुजी केली असेल तर मात्र हे कळणार नाही.

अक्षरवेडी

काका, आत्ता लगेच लावून पाहिलं. माझ्याकडे एक पंजाबी चित्रपट आहे, त्याला पहिली पाटीच नाही असं मी वहीत लिहून ठेवलं होतं. नामावलीतलं पहिलं नाव दिसतं. शांतता. मग सनई, पण सूर लागलेला, अर्ध्या तानेत. वहीतली ओळ खोडली आणि तिथे 'तुटली' असं लिहिलं.